औषधाला न जुमानणारा विषाणू

जानेवारी 2021 मध्ये छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचे निष्पन्न झाले. बालोद भिलाईपासून फार दूर नाही. 2012 पर्यंत तो भिलाईच्याच दुर्ग जिल्ह्याचा भाग होता. अशी बातमी आली की बाजारातील कोंबडीचे गिऱ्हाईक नाहीसे होते आणि बाधित शेडमधील कोंबड्या मारून पुरल्या जातात. माणसाला फ्लू झाला तर आपण औषध देतो, मग कोंबड्यांना का देत नाही, असा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल.

महाराष्ट्राने हा प्रसंग पूर्वीच अनुभवला होता. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांत एच5एन1 विषाणू असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीवरून जाहीर झाले. भारतातील ही पहिलीच नोंद. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. कर्ज काढून शेड उभारणाऱ्याला अशा वेळी पाण्यात औषध मिसळून कळप वाचवण्याचा मोह झाला, तर तो समजण्यासारखा आहे.

हा उपाय शास्त्रज्ञांनी करून पाहिला आहे. 1983 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कोंबड्यांमध्ये एच5एन2 विषाणूची साथ पसरली. रॉबर्ट वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विषाणू घेऊन प्रयोगशाळेत कोंबड्यांना पिण्याच्या पाण्यातून अमँटाडीन दिले. प्रारंभी कोंबड्या वाचल्या, पण लवकरच औषधाला न जुमानणारे विषाणू निर्माण झाले. ते एका कोंबडीपासून दुसरीकडे जात आणि तिचा प्राणही घेत. पुढील प्रयोगांत, औषध दिले जात नसतानाही, ते मूळ विषाणूच्या बरोबरीने टिकून राहिले.

असे का घडते? विषाणू पेशीत शिरला की त्याला आपले कवच उघडून आतील जनुकीय द्रव्य मोकळे करावे लागते. त्यासाठी त्याच्या आवरणात एम-2 नावाच्या प्रथिनाची एक अरुंद वाट असते. अमँटाडीन ती वाट बुजवते. परंतु विषाणूची नक्कल होताना चुका होतात, आणि या प्रथिनातील एखादाच घटक, पुष्कळदा 31 व्या स्थानावरचा, बदलला की औषध निरुपयोगी ठरते. हजारो कोंबड्या एका छपराखाली असतील तर अशा चुकांना संधीही तितकीच मोठी. औषध साध्या विषाणूंना अडवते, बदललेल्यांना रान मोकळे मिळते.

2004 मध्ये व्हिएतनाम व थायलंडमधील रुग्णांत सापडलेले एच5एन1 विषाणू या औषधाला दाद देत नव्हते. चीनमधील काही कुक्कुटपालक कोंबड्यांना हेच औषध देत असल्याची बातमी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. माणसांसाठी मग मुख्यतः ओसेल्टामिविर उरले. नवापूरला कोंबड्या मारणाऱ्या कर्मचाऱ्यांना तेच देण्यात आले होते.

फेब्रुवारी 2021 मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आढळला आणि पुन्हा कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. सरकारी नुकसानभरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या कोंबड्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. त्यामुळे शेडमध्ये अचानक मरतूक सुरू झाली, तर घरगुती इलाजात घालवलेले दोन दिवस कुक्कुटपालकाच्याच खिशाला पडतात. पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.