आधी श्वास, मग घास

बाळा, कार्बोरेटरला पाना लावायच्या आधी एअर फिल्टर काढून बघ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे वस्ताद सांगायचे, इंजिनाला आधी श्वास, मग घास. जयपुरात तर ते दुप्पट खरं आहे. इथली धूळ इतकी बारीक की चांगल्या फोममधूनही वाट काढते. फोम साबणाच्या पाण्यात धू, पिळवटू नकोस, दाबून पाणी काढ, पुरता वाळला की फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं मुरव. फिल्टर जिथे बसतो त्या कडेला ग्रीसचा हात फिरव. मग पांढरं फडकं बोटाला गुंडाळून रबरी नळीच्या आतून पूस. फडक्यावर कचकच लागली, तर जेट बदलून काही होणार नाही. रेती आत जातेय आणि रिंगा खातेय, आधी ते थांबव.

त्याच बैठकीत प्लग, टॅपेट आणि इंजिन-कार्बोरेटरमधला रबरी जोड तपास. जोडाला चीर असली की तिथून चोरून हवा जाते आणि माणूस आठवडाभर स्क्रू फिरवत बसतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली न येता वरच रेंगाळला, तर पहिला संशय ह्या जोडावर घे.

आता पेट्रोलचं. तुझी गाडी जुनी, तिचे जेट साध्या पेट्रोलच्या काळातले. आज पंपावर ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं, आणि जुना जेट तेवढं देत नाही. गाडी आपोआप लीन होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतं (जास्त झालं की रिच): सकाळी चोक सोडवत नाही, मूठ पटकन पिळली की क्षणभर गुदमरते, उतारावर सायलेन्सर फटाके फोडतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाक. पायलट जेटचं भोक केसासारखं, ते पहिलं बुजतं.

तू मागच्या खेपेला विचारलंस, मोठा मेन जेट टाकू का. तुला हवी आहे मऊ ताकद, झटका न देता येणारी. ती मेन जेटमध्ये नाही. मेन जेट मूठ पाऊण उघडल्यानंतरच खरा बोलतो. बंदपासून पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू, त्याच टप्प्यात स्लाइडचा खालचा काप, आणि पावपासून पाऊणपर्यंत निडल. अरवलीच्या दगडांवर तुझी मूठ पाव-अर्ध्याच्या पुढे जातेच कधी? म्हणून मुठीवर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा कर. गाडी कुठे अडखळते ते आरपीएमवर नाही, खुणेवर बघ. सीव्ही कार्बोरेटर असेल तर स्लाइड व्हॅक्यूमने उचलली जाते, तिथे खुणा ढोबळ समज आणि रबरी पडदा उन्हात धरून त्याला बारीक छिद्र नाही ना, तेवढं पाहा.

सुरुवात पायलटपासून. इंजिन चांगलं गरम होऊ दे. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसव, दाबू नकोस, टोक मोडतं. मग दीड आटा बाहेर. पण आधी बघ स्क्रू कुठल्या बाजूला आहे, कारण इथेच अर्धे मिस्त्री फसतात. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की रिच. पाव-पाव आटा फिरवत जा, इंजिन सगळ्यात वर आणि एकसारखं चालेल तिथे थांब, मग स्लोचा स्क्रू फिरवून वेग खाली आण. हवेचा स्क्रू एका आट्याच्या आतच चांगला लागत असेल, तर पायलट जेट लहान पडतोय. तीन आट्यांपर्यंत गेला, तर मोठा आहे. पेट्रोलच्या स्क्रूला हे उलटं.

मग मेन जेट. मोकळी, सरळ जागा बघ, रस्ता नव्हे. पूर्ण मूठ उघडी ठेवून थोडं पळव, मग क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद कर आणि प्लग काढ. पांढरा निघाला तर लीन, काजळी धरलेला तर रिच. ई20 वर प्लगचा रंग पूर्वीपेक्षा फिका दिसतो, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नकोस. पूर्ण मुठीवरून जराशी मागे घेतल्यावर गाडी उलट जोर धरत असेल, तर जेट लहान आहे.

निडल शेवटी, कारण ती दोन्हींच्या मधली. अर्ध्या मुठीवर चोक किंचित ओढून बघ: गाडी सुधारली तर लीन, आणखी घुटमळली तर रिच. क्लिप एक खाच खाली सरकवलीस की निडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. एका वेळी एकच खाच. तुझ्या झटक्यावरचा इलाज बहुधा इथेच निघेल. निडल हलवल्यावर पायलटचा स्क्रू पुन्हा एकदा बघून घे.

जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 430 मीटरवर आहे, उंचीचा फरक किरकोळ. खरा फरक हवामानाचा. जानेवारीच्या पहाटे 8 अंश आणि मेच्या दुपारी 45, एवढ्यात हवा सुमारे 12 टक्क्यांनी विरळ होते. म्हणून उन्हाळ्यात लोक एक नंबर लहान मेन जेट टाकतात. दगडी वाटांना ते ठीक. पण सांभरकडच्या रेतीत इंजिनावर सतत ओझं असतं, वेग कमी, थंड करणारी हवा कमी. तिथे मे महिन्यातही जेट कमी करू नकोस, असं माझं ठाम मत आहे. टू-स्ट्रोक असेल तर दुप्पट जप. तिथे तेलही पेट्रोलबरोबरच येतं, लीन गाडीला तेल कमी पडतं आणि पिस्टन धरतो. आणि पेट्रोलमध्ये तेल वाढवलंस की पेट्रोलचा वाटा घटतो, मिश्रण आणखी लीन होतं, हे फार जण विसरतात. रेतीत कार्बोरेटरच्या हवेच्या बारीक नळ्या खाली लोंबत ठेवू नकोस. त्यांची तोंडं बुजली की फ्लोटचं गणित बिघडतं आणि दोष जेटवर येतो. दोन नळ्या वळवून टाकीखाली घे.

नाहरगडच्या बाजूचं जंगल अभयारण्य आहे. तिथे ट्युनिंगच्या नावाखाली गाडी नेऊ नकोस.

जेट तारेने कधी साफ करू नकोस, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की नंबर खोटा. कार्ब क्लीनर आणि हवेचा फवारा पुरतो. केहिन आणि मिकुनीचे नंबर एकमेकांत मिसळू नकोस, दोघांचं मोजमाप वेगळं. ह्या कार्बोरेटरांच्या जपानी स्क्रूंना साधा फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर घसरतो आणि डोकं खातो, जपानी मापाचा घे.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन आहे. जेट ओळखणारे हात कमी होत जातील. म्हणून वही कर: तारीख, तापमान, पायलट, मेन, क्लिपची खाच, स्क्रूचे आटे. आणि गाडीतून काढलेला प्रत्येक मूळ जेट नंबर लिहून पुडीत बांधून ठेव, फेकू नकोस.