खांबांवर उभी बिल्डिंग

कोयनेचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक वाक्य ठरलेलं असतं: धरण सुरक्षित आहे. ते वाचलं की चिपळूणकर निवांत होतो. धरण असेलच सुरक्षित. १९६७ च्या भूकंपात त्याला तडे गेले, तेव्हा पाठीमागून काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट केलं, नंतरही कामं झाली, यंत्रं बसवली, तज्ज्ञ येतात, पाहतात, नोंदी ठेवतात. माझी काळजी धरणाची नाहीच. मी ज्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर रोज रात्री झोपते, तिची आहे. तिच्याकडे बघायला कोण येतं? रंगवाला. तोही दहा वर्षांतून एकदा.

सोसायटीत मला ‘भूकंपवाल्या काकू’ म्हणतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच जे झालं ते एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनीही वाचावं.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळुणात कुणाला सांगायला नको. आमचा तळमजला, म्हणजे दोन फ्लॅट आणि दोन गाळे, पाण्याखाली गेला. फ्लॅटवाल्यांनी चिखल काढला आणि मिळेल त्या भावाला जागा विकून ते निघून गेले. त्यांना दोष देत नाही. पुढे मीटिंगमध्ये ठराव आला की तळमजल्यावरच्या सगळ्या भिंती पाडायच्या आणि मोकळं पार्किंग करायचं. पुढच्या पुराचं पाणी खालून येईल, खालून जाईल. पुराच्या हिशेबाने यात चूक काहीच नाही. गावात त्यानंतर उठलेल्या बिल्डिंगा पाहा, खाली नुसते खांब आणि माणसं वर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकच विचारलं, “भिंती काढल्यावर भूकंपाचं काय?”

चेअरमन हसले. “अहो वहिनी, कोयनेचे धक्के आम्ही पाळण्यात असल्यापासून खातोय. आणि त्या भिंती लोडबेअरिंग नाहीत, वजन सगळं कॉलमवर आहे.”

वजन कॉलमवर असतं, हे मलाही कळतं. पण भूकंप बिल्डिंगला वरून दाबत नाही, आडवी हलवतो. वरच्या प्रत्येक मजल्यावर भिंती असतात, त्यामुळे तो सगळा भाग एकसंध आणि ताठ राहतो. तळाला भिंती नसल्या की तेवढाच मजला लवचीक होतो, आणि सगळं हलणं त्या चार-सहा कॉलमांच्या वाट्याला येतं. तिथे कॉलम मोडला की वरचे मजले जसेच्या तसे खाली बसतात. याला इंजिनिअर लोक सॉफ्ट स्टोरी म्हणतात. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला, त्याचं केंद्र अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरांहून दूर होतं. तरी अहमदाबादेत सातशेहून अधिक माणसं गेली, आणि पडलेल्या बहुमजली इमारतींत खाली पार्किंग असलेल्या पुष्कळ होत्या. कोयनानगर आमच्यापासून सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटरांवर आहे. मीटिंगच्या वेळच्या नकाशात चिपळूण भूकंपप्रवण क्षेत्र चारमध्ये येत होतं. हे मी मीटिंगमध्ये बोलले. इतिवृत्तात त्यातलं एक अक्षर आलं नाही.

उलट दोन गोष्टी मलाच ऐकवल्या गेल्या. इथे त्या घरोघरी बोलल्या जातात, म्हणून सांगते. पहिली अशी की लहान लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण सुटतो, त्यामुळे मोठा भूकंप होत नाही. हिशेब करा. तीव्रतेचा एक आकडा वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. म्हणजे सहा तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा सुटायला चार तीव्रतेचे हजारेक धक्के लागतील. आणि कोयनेच्या पट्ट्यात १९६७ नंतरही पाचच्या वरचे धक्के बसतच राहिले आहेत. दुसरी गोष्ट, “इथे जे व्हायचं ते होऊन गेलं.” किल्लारीचा भाग तर तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो माणसं मेली, आणि पुढे नकाशातून तो ‘क्षेत्र एक’ नावाचा प्रकारच काढून टाकावा लागला.

आणि धक्के खाण्याची भाषा माझ्याशी करू नये. माझं बालपण पोफळीच्या वसाहतीतलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. बाबांनी आम्हा भावंडांना अंथरुणासकट बाहेर ओढलं होतं. कोयनानगरच्या बाजूला दगडी भिंतींची घरं माणसांवर बसली आणि सुमारे १८० लोक गेले. त्यांतले काही बाबांच्या ओळखीचे होते. आमच्या घरात पुढे कित्येक महिने कोणी दाराला कडी लावली नाही.

असो. ठराव बहुमताने मंजूर झाला. भिंती पाडायला सुरुवात झाली.

त्या दिवशी मी खाली उतरले ती कटकट करायला नव्हे, गाडी काढायला. चिऱ्याची भिंत निघाली होती आणि तिच्यासोबत जिन्याजवळच्या कॉलमचं पुरात भिजून फुगलेलं प्लास्टरही सुटलं होतं. मेस्त्री कानडी, उमेदीचा माणूस. त्याने मला बोलावलं नाही, पण मी थांबलेली पाहून छिन्नीने आणखी थोडं काँक्रीट उडवलं आणि दोन रिंगांच्या मध्ये हाताची वीत ठेवली. वीत पुरून वर दोन बोटं उरत होती. “मॅडम, हे एवढं लांब नको,” एवढंच म्हणाला. मग त्याने रिंगचं टोक दाखवलं. ते काटकोनात नुसतं दुमडलेलं होतं, आत काँक्रीटमध्ये वळवलेलं नव्हतं. छिन्नीचा जरा धक्का दिला तर उघडलं. सळीवरून गंजाचे पापुद्रे निघत होते.

नोकरीची सगळी वर्षं मी हिशेबाचे कागद तपासले आहेत, त्यामुळे वाचायची सवय आहे. घरी येऊन मुलाकडून माहिती मागवली. क्षेत्र तीनपासून वरच्या भागात कॉलमच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत, आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांजवळ रिंगा चार इंचांच्या आत हव्यात. हलताना कॉलमचं काँक्रीट फुटतं, तेव्हा आतलं काँक्रीट आणि सळया धरून ठेवायचं काम त्या रिंगांचं. आमच्या कॉलमला ते धरणारंच कोणी नव्हतं. आजवर ज्या दोन-चार भिंतींना आम्ही किंमत देत नव्हतो, त्याच बिल्डिंगला सावरून होत्या, आणि नेमक्या त्याच आम्ही पैसे मोजून पाडत होतो.

मी फोटो काढले, सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. अर्ध्या तासात चेअरमन दारात. कॉलमचं काय करायचं हे विचारायला आले असतील, असं वाटलं असेल तुम्हाला. नाही. “वहिनी, ते फोटो तेवढे डिलीट करा. बाहेर गेले तर फ्लॅटचे भाव पडतील.” दारात उभं राहून त्यांनी हे तीनदा सांगितलं. चहा मी विचारला नाही.

बिल्डरला फोन केला. म्हणाला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे. आमची बिल्डिंग २००४ ची. रिंगांचे हे नियम ज्या मानकात आहेत, ते आयएस १३९२० भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्ये काढलं. हे सांगितल्यावर साहेबांना रेंज मिळेना. मग सोसायटीने ‘आपल्या ओळखीचा’ इंजिनिअर आणला. त्याने पार्किंगमध्ये उभं राहून वर पाहिलं, एका कॉलमवर टिचकी मारली आणि दोन दिवसांनी इमारत सुस्थितीत असल्याचा दाखला दिला. उघडा कॉलम त्याच्यापासून चार पावलांवर होता.

शेवटी मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक सेवानिवृत्त शिक्षक, दोघांनी पदरचे पैसे घालून बाहेरगावचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. त्याने हातोड्याच्या यंत्राने काँक्रीट तपासलं, सळीवरचं कव्हर मोजलं, तीन कॉलम उघडून पाहिले. अहवालात काय होतं? तळमजल्याच्या कॉलमांना जॅकेटिंग करा, म्हणजे भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं आवरण घाला, आणि पार्किंगमधल्या ठरावीक कॉलमांच्या मध्ये आरसीसी भिंती घाला. पुराचं पाणी जायला वाट ठेवूनही त्या घालता येतात, हेही त्याने नकाशावर काढून दाखवलं. म्हणजे पूर की भूकंप असं भांडण मुळात नव्हतंच. कोणाला विचारायचंच नव्हतं.

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी.

फ्लॅट घेताना बिल्डर टाइल्स दाखवतो, मॉड्युलर किचन दाखवतो. तुम्ही आरसीसी ड्रॉइंगची प्रत मागा. त्यावर कॉलमच्या रिंगांचं अंतर आणि हुकांचा कोन लिहिलेला असतो. ‘ऑफिसात आहे, नंतर देतो’ म्हणाला तर टोकन देऊ नका. काम चालू असेल तर स्लॅब पडण्याआधी जाऊन कॉलम-बीम जिथे भेटतात तिथले फोटो काढा. काँक्रीट पडल्यावर ब्रह्मदेवही आत काय आहे ते सांगू शकत नाही, आणि यंत्रं सांगतात ती महाग पडतात. वाळू कुठली वापरली तेही विचारा. खाडीची वाळू न धुता वापरली तर तिच्यातलं मीठ सळी खातं. आपल्याकडच्या दमट हवेत तर ते काम आणखी लवकर होतं.

जुन्या बिल्डिंगमध्ये असाल तर ऑडिटचा आग्रह धरा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ते लिहिलेलंच आहे: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, तीस वर्षांच्या वरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा. पण दाखला हातात आला की एकच विचारा, “प्लास्टर कुठे उघडलं?” कुठेच नसेल तर तो कागद रद्दीत घाला. इंजिनिअर बिल्डरचा नको, चेअरमनच्या मेव्हण्याचा मित्रही नको. आणि मीटिंगमध्ये विरोध तोंडी करून काही उपयोग नाही. लेखी द्या, पोच घ्या. माझ्याकडे लेखी विरोधाची पोच होती म्हणून पुढे दुरुस्तीचं सगळं जमलं.

पूर आला की बिल्डिंगमध्ये कोणी ना कोणी भिंत पाडायला निघतोच. गाळ्याला मोठं शटर हवं म्हणून कॉलमचा कोपरा छाटणारेही पाहिले. छाटू देऊ नका. भांडण झालं तरी चालेल.

गच्चीवरच्या टाक्या मोजा. हजार लिटरची एक टाकी म्हणजे एक टन. आमच्याकडे प्रत्येकाने पाणी कमी पडतं म्हणून एकेक वाढवली. डिझाइन करताना एवढं वजन कोणी धरलेलं नव्हतं.

गावाकडे चिऱ्याचं घर बांधत असाल तर जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली आरसीसी पट्टे फिरवा, कोपऱ्यात सळ्या बांधून. खर्च फार नाही. गवंडी ‘गरज नाही’ म्हणतो, कारण त्याचा वेळ जातो.

घरात कपाटं भिंतीला ठोकून घ्या. पलंगाच्या डोक्याशी माळ्यावर आजीचे पितळी हंडे ठेवू नका. टॉर्च, पाणी, औषधं, कागदपत्रं एका पिशवीत. हे सगळेच सांगतात, मीही सांगते. हादरे चालू असताना जिन्याकडे धावू नका, मजबूत टेबलाखाली डोकं झाका, थांबल्यावर उतरा. आणि गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर असाल आणि जमीन जोरात, बराच वेळ हलली तर मोबाईलवर व्हिडिओ काढत बसू नका, उंचावर जा. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

विम्याचं बघा. गृहकर्जासोबत बँक गळ्यात मारते तो बहुतेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, भिंतींचा नाही. २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात. चिपळुणात घर असून ती नसणाऱ्याला काय म्हणावं?

आमच्या बिल्डिंगच्या कॉलमांचं जॅकेटिंग सुरू झालं, दोन भिंती उभ्या राहिल्या. जिन्याजवळचा तो उघडा कॉलम मेस्त्रीने पहिला बांधून घेतला. मागच्या बाजूचे कॉलम अजून तसेच आहेत, कारण वर्गणी पूर्ण जमलेली नाही. न भरणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव चेअरमनचं आहे. यादी जिन्यात लावली आहे, मीच लावली.