चहा प्यावा, पण केव्हा?

पाहुणा दारात आला, की आपण काय म्हणतो? “या, बसा. चहा टाकते.” पहाटे धार काढायच्या आधी चहा लागतो. दुपारी बांधावर चहा लागतो. सोयरीक जुळली तरी चहा, मयताला गेले तरी चहा. असा हा चहा घरोघर आहे. तो सोडा, असे हा पाठ सांगत नाही. पण चहाची एक वेळ असते. ती चुकली तर काय होते, ते वाचा.

एका घरची गोष्ट

एका घरी सून गरोदर होती. पाचवा महिना लागला होता. चालताना तिला धाप लागे. हंडा उचलला, की डोळ्यांपुढे अंधारी येई. आशाताई तिला उपकेंद्रात घेऊन गेल्या. सासूबाईही बरोबर गेल्या. नर्सबाईंनी बोटातून रक्ताचा थेंब काढला आणि तपासला. हिमोग्लोबिन ९ भरले. गरोदरपणात ते निदान ११ हवे.

नर्सबाईंनी विचारले, “लोहाच्या गोळ्या घेतेस ना?”

“रोज घेते, बाई. एक दिवस चुकवत नाही.”

“कशाबरोबर घेतेस?”

“सकाळच्या च्यासंगं. नुसत्या पाण्यानं उमासे येतात.”

सासूबाई म्हणाल्या, “अवो बाई, तिला जेवण जात न्हाई. म्हणून मीच कडक च्या करून देते. तेवढाच पोटाला आधार.”

नर्सबाई म्हणाल्या, “मावशी, तुमची माया खरी आहे. पण गोळीतले लोह हा चहाच अडवतो. शिवाय चहाने भूक मरते. मग पोरीला जेवण कसे जाणार?”

सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “आता गं बया! म्हंजे एका हातानं दिलं आन् दुसऱ्या हातानं काढून घेतलं.”

असे का होते?

हिमोग्लोबिनमुळे रक्ताला लाल रंग येतो. श्वासातला प्राणवायू तेच अंगभर पोचवते. ते तयार व्हायला लोह लागते. लोह बाजरीत असते, हिरव्या पालेभाजीत असते, कडधान्यात असते. चहा तुरट लागतो ना? त्या तुरट द्रव्याला टॅनिन म्हणतात. ते पोटात गेले, की धान्य-भाजीतल्या लोहाला धरून ठेवते. मग ते लोह रक्तात जात नाही, शौचावाटे निघून जाते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर अंगी लागणारे लोह निम्म्याहून कमी होऊ शकते. दूध घातले तरी फारसा फरक पडत नाही. कॉफीही लोह अडवते, पण चहापेक्षा कमी.

लिंबू, आवळा, पेरू यांचे काम उलटे. ते लोह अंगी लागायला मदत करतात. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे.

ही एकाच घरची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांत ५४ जणींचे रक्त कमी निघाले. त्याला कारणे पुष्कळ आहेत. अपुरे खाणे हे मोठे कारण. पण चहाची वेळ बदलायला पैसा लागत नाही.

चहा-कॉफीत चांगले काय?

चहा-कॉफीत कॅफीन असते. त्याने झोप उडते, मरगळ जाते. कॉफी बेताने पिणाऱ्यांत मधुमेह आणि यकृताचे आजार कमी दिसतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. म्हणून कोणी कॉफीला औषध समजू नये.

कॅफीन फार झाले, की छातीत धडधडते आणि रात्री झोप येत नाही. २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितले, की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नको. १५० मिलिलिटर चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. तेवढ्याच गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० असते. गरोदर बाईने तर दिवसाला दोन कप चहावर थांबावे. कॅफीन पोटातल्या बाळापर्यंत पोचते. ते जास्त झाले, तर बाळ वजनाने कमी भरण्याचा धोका असतो.

साखरेचा हिशेब

एका कपात दोन चमचे साखर. दिवसाला पाच कप. म्हणजे १० चमचे, सुमारे ५० ग्रॅम. ३० दिवसांचे झाले १५०० ग्रॅम. एका माणसाची महिन्याला दीड किलो साखर नुसत्या चहात जाते! घरात माणसे किती? पुढचा हिशेब तुम्ही करा.

पुढे काय झाले?

सुनेने गोळी बंद केली नाही. वेळ बदलली. दुपारच्या जेवणानंतर तासाभराने ती लिंबूपाण्याबरोबर गोळी घेऊ लागली. शौचाला काळे होऊ लागले, पण नर्सबाईंनी आधीच सांगितले होते, की त्यात भ्यायचे कारण नाही. सासूबाई तिला आपल्याबरोबर जेवायला बसवू लागल्या. “मागनं जेवते” हे त्यांनी चालू दिले नाही. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन १०.५ भरले. ११ व्हायला अजून थोडे बाकी होते. गोळ्या चालूच राहिल्या.

त्या घरी चहा आजही होतो. पण ताटे वाढली, की सासूबाई म्हणतात, “च्या मागनं. तासभर जाऊ द्या.”

लक्षात ठेवा

१. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नका.
२. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका.
३. लहान मुलांना चहा देऊ नका.
४. भूक लागली तर भाकरी खा. चहाने भूक मारू नका.
५. फार कढत चहा पिऊ नका. थोडा निवू द्या.

प्रश्न

१. सून रोज गोळी घेत होती. तरी तिचे रक्त का वाढले नाही?
२. लोह अंगी लागायला कोणती फळे मदत करतात?
३. तुमच्या घरी जेवणानंतर किती वेळाने चहा होतो?