घरासाठी चेनसॉ : निवड आणि इंधन

आमचे घर रायपूरला आहे. तिथे मे-जूनमध्ये वळवाचे वादळ आले की गुलमोहराच्या फांद्या मोडून पडतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी त्या कापण्यासाठी पेट्रोलवर चालणारा चेनसॉ आणला. मुलांनी हे यंत्र चालवायचे नसते. म्हणून चालवायचे बाबांनी आणि इंधन सांभाळायचे मी, अशी वाटणी झाली.

सुट्टी संपली. टाकी अर्धी भरलेली तशीच ठेवून मी शाळेत परत आलो. ऑक्टोबरमध्ये एका रात्री कडुनिंबाची मोठी फांदी आमच्या फाटकावर पडली. सकाळी आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरलेले होते. बाबांनी कितीतरी वेळा दोरी ओढली, पण यंत्र सुरू झाले नाही. शेवटी शेजारचे काका टंगिया घेऊन आले. छत्तीसगढीत कुऱ्हाडीला टंगिया म्हणतात. गाडी बाहेर निघेपर्यंत दुपार झाली आणि ऑपरेशन पुढे ढकलले गेले. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला, तेव्हा आत चिकट थर जमलेला होता. चूक माझी होती. त्यानंतर मी यंत्राची पुस्तिका वाचून काढली. त्यातून जे शिकलो ते इथे देत आहे.

कोणता घ्यावा?

आधी काम ठरवावे, मग यंत्र. ज्या पट्टीवर साखळी फिरते तिला बार म्हणतात. बार लाकडाच्या जाडीपेक्षा साधारण 2 इंच लांब असावा. घरातल्या फांद्या बहुधा 8 ते 10 इंच जाडीच्या असतात, म्हणून 12 ते 14 इंची बार पुरतो. पेट्रोलचे यंत्र असेल तर 30 ते 40 सीसीचे इंजिन पुरेसे आहे. बाजारात 58 सीसीचे, 22 इंची यंत्र सर्रास दिसते. ते घेण्याचा मोह होतो, पण ते जड असते आणि वर्षातून दोनदा वापरणाऱ्याचे हात लवकर थकतात. थकलेल्या हातातच अपघात होतो.

विजेवर चालणारा चेनसॉ स्वस्त आणि सोपा असतो. मात्र 2000 वॉटचे यंत्र 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर वीज घेते, म्हणून 6 अँपिअरचा साधा सॉकेट चालत नाही. शिवाय वादळात वीजच जाते आणि ओल्या अंगणात लांब वायर ओढणे धोक्याचे असते. बॅटरीच्या यंत्राला ना वायर लागते ना इंधन. अधूनमधून लहान फांद्या कापायच्या असतील, तर माझ्या मते हेच उत्तम. बॅटरी चार्ज करून ठेवण्याची आठवण मात्र हवी. जास्त वेळ आणि जाड लाकडाचे काम असेल तरच पेट्रोलकडे वळावे.

इंधन कसे तयार करावे?

चेनसॉचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते. मोटारीच्या इंजिनात तेल वेगळे असते. इथे पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टन आणि बेअरिंगला वंगण देते. नुसते पेट्रोल घातले तर पिस्टन जाम होतो. प्रमाण पुस्तिकेत असेल तेच पाळावे. 50:1 म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिलि टू-स्ट्रोक तेल, 25:1 म्हणजे 40 मिलि. अंदाजाने ओतू नये. मी औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने मोजतो. अर्धा लिटरच मिश्रण करावे, म्हणजे 50:1 ने 10 मिलि तेल.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात आणि तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. यंत्र इंधन तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनात जाते ते बिनतेलाचे! काही यंत्रांच्या पुस्तिकेत 10 टक्के इथेनॉलचीच मर्यादा असते, म्हणून विकत घेण्यापूर्वीच दुकानदाराला पुस्तिका दाखवायला सांगा.

मिश्रण 30 दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. डब्यावर तारीख लिहावी. काम संपले की टाकी मोकळ्या हवेत रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मी हे एवढेच केले नव्हते.

साखळीचे तेल आणि सुरक्षा

साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. इंधन भरताना प्रत्येक वेळी तीही भरावी. गाडीचे जळके तेल घालू नये. बारचे टोक फिकट रंगाच्या लाकडापुढे धरून रेस दिली की तेलाची रेघ उमटली पाहिजे.

इंजिन थंड झाल्यावरच इंधन भरावे आणि त्या जागेपासून 3 मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर यंत्र उसळून तोंडाकडे येते, म्हणून चेन-ब्रेक आधी तपासावा. चष्मा, कानांचे संरक्षण, हातमोजे आणि जाड बूट हवेतच. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर धरून कापू नये. फांदीत विजेची तार अडकली असेल तर हात न लावता वीज कंपनीला कळवावे. उभे झाड तोडायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले. त्यानंतर एनडीआरएफच्या जवानांनी अशाच यंत्रांनी पडलेली झाडे कापून रस्ते मोकळे केले. ऐन वेळी यंत्र चालते, कारण ते आधी नीट ठेवलेले असते. फायरिंगनंतर आपण रायफल साफ केल्याशिवाय कोतमध्ये जमा करत नाही. हा नियम मला शाळेत पाठ होता, पण घरी आठवला नाही.

आजोबांचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात झाले. आता त्यांना स्वच्छ दिसते. मी सुट्टीहून निघताना ते फाटकापर्यंत येतात आणि एकच विचारतात, "टाकी रिकामी केलीस ना?"