गाठीचं गणित

एक्स्पोनेन्शियल ग्रोथ आपण मॅथ्समध्ये शिकतो, पेपरात लिहितो आणि विसरतो. तेच गणित माणसाच्या शरीरात सुरू झालं की काय होतं, ते या लेखात पाहू.

कॅन्सरची सुरुवात एका पेशीपासून होते. तिच्या डीएनएमध्ये बिघाड साचत जातात आणि ‘आता थांब’ हा निरोप ती ऐकेनाशी होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार... मी कॅल्क्युलेटरवर हिशोब करून पाहिला. ३० वेळा दुप्पट झाल्यावर सुमारे १०० कोटी पेशी होतात, म्हणजे साधारण १ ग्रॅमची, सेंटिमीटरभर गाठ. पुढे फक्त १० दुपटी, की १ किलो! एका दुपटीला १०० दिवस धरले, तर पहिल्या ३० दुपटींना आठ वर्षं लागतात आणि पुढच्या १० दुपटींना तीनपेक्षाही कमी. म्हणजे गाठ हाताला लागते तेव्हा बरीचशी वाटचाल झालेली असते.

अर्थात, प्रत्यक्षात वेग कायम सारखा नसतो. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, म्हणून ती नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढते. अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये ही रसदच तोडायची कल्पना मांडली. पुढे तशी औषधं निघाली.

केमोथेरपीचं गणित वेगळं. साधारणपणे एक डोस ठरावीक संख्येने नव्हे, तर ठरावीक टक्क्यांनी पेशी मारतो. ९९.९ टक्के मेल्या तरी १०० कोटींतल्या १० लाख उरतातच! म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबणं धोक्याचं ठरतं.

शिवाय शत्रू घरातलाच. भातात भातासारखंच दिसणारं तण उगवतं, ते बेणताना अनुभवी हात लागतो. केमोला तेवढी पारख नसते, म्हणून केसांच्या मुळांतल्या पेशीही मरतात.

ही पारख शिकवणारा उपचार म्हणजे कार-टी. रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढून त्यांच्यात नवं जनुक घालतात. मग त्या ‘सीडी१९’ ही खूण असलेल्या पेशी शोधून मारतात आणि शरीरात स्वतःही वाढत जातात. दुपटीला दुपटीनेच उत्तर! आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियल यांनी हे तंत्र भारतात विकसित केलं. २०२१ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, पहिल्या रुग्णाला ते दिलं गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ला मान्यता मिळाली. पण हा उपचार रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कॅन्सरपुरताच आहे.

तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठीसाठी अजूनही सर्वांत मोठं शस्त्र म्हणजे वेळ. कर्जत-खालापूरच्या गावांत, ‘दुखत नाही ना, मग कापणी झाल्यावर बघू,’ असं सहज म्हटलं जातं. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही! आणि लावणी ते कापणी म्हणजे जवळपास चार महिने. आपल्या हिशोबात एक पूर्ण दुप्पट.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. घरात कोणी तंबाखू किंवा मिश्री लावत असेल, तोंडात पांढरा चट्टा दिसत असेल, फोड दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर त्यांना स्वतः दवाखान्यात घेऊन जा. आई, काकू, आजी आपणहून सांगणार नाहीत. विचारायचं आपण.