आवडत्या आठवणीचे चित्र व त्याची चौकट

चौथीच्या वर्गास ‘देखावा काढा’ असे सांगितले, की वहीवहीत तेच उमटते : दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली वळणाची नदी आणि काठावर नारळाचे झाड. ज्या गावी नारळ नाही व नदीला चैत्रात पाणी नाही, तेथेही हेच. हे चित्र मुलांचे नव्हे. ते फळ्यावरून उतरलेले असते. म्हणून स्मरणचित्राच्या तासाला शिक्षकांनी फळा कोरा ठेवावा, हे पहिले पथ्य होय.

विषय मोघम देऊ नये. मुलास आधी बोलते करावे. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेल्या मुलास गैरहजेरीबद्दल सर्वच विचारतात. तेथे त्याने काय पाहिले, हे क्वचितच कोणी विचारतो. पाचटाची कोपी, पहाटेची चूल, गाडीखाली निजलेले कुत्रे ही त्याची स्वतःची पुंजी आहे. तू कोठे उभा होतास? सर्वांत जवळ काय होते? उजेड कोठून येत होता? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की चित्राची निम्मी मांडणी झाली असे समजावे.

या कामास तैलखडू, म्हणजे दुकानात मिळणारे ऑइल पेस्टल, सोयीचे पडतात. जपानात साकुरा कंपनीने ते १९२५ साली प्रथम काढले. मुलांनी नमुने न गिरवता स्वतः पाहिलेले रेखाटावे, यासाठी यामामोतो कानाए या चित्रकाराने १९१९ पासून तेथे चळवळ चालविली होती; त्या विचारातूनच हे खडू जन्मले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कागद किंचित खरखरीत असावा. गुळगुळीत कागदावर खडू धरत नाही. पहाटेच्या किंवा रात्रीच्या प्रसंगास खाकी कागद उत्तम, कारण त्यावर चुलीचा पिवळा रंग आपोआप उजळतो. फिके रंग आधी, गडद नंतर. बोटाने रंग मिसळावेत व प्रत्येक वेळी बोट फडक्याने पुसावे, अन्यथा सारे चित्र मळकट होते. गवत, पाचट, केस यांसाठी रंगाचा जाड थर खिळ्याने हलकेच ओरखडावा. माणसांची मापे चुकली तरी शिक्षकांनी मुलाच्या चित्रावर आपला हात फिरवू नये.

तैलखडूचा रंग पुरता वाळत नाही, म्हणून काच किंवा पारदर्शक कागद चित्रास टेकता कामा नये. जाड पुठ्ठ्यात चित्राहून चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान अशी खिडकी कापावी. पुठ्ठ्याच्या जाडीमुळे मध्ये अंतर राहते. पुठ्ठ्याची खालची पट्टी वरच्या पट्टीहून थोडी रुंद ठेवावी. चित्र फक्त वरच्या कडेला खळीने चिकटवावे. पावसाळी हवेत कागद फुगतो व चारी कडा जखडल्यास त्यास सुरकुत्या पडतात. चौकटीस बांबूच्या कामट्या पुरेत. वर्गात काचेपेक्षा पारदर्शक कागदच बरा. मागून पुठ्ठा लावून फटी कागदी पट्टीने बंद कराव्यात, म्हणजे कसर शिरत नाही.

चौकट मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, उन्हापासून दूर टांगावी व ओलीच्या भिंतीपासून सुटी राहावी म्हणून खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावावेत. पाठीमागे मुलाचे नाव, तारीख व आठवण त्याच्याच बोलीत लिहून घ्यावी. दिवाळीनंतर मूल पुन्हा तोडीला गेले, तरी त्याचे चित्र भिंतीवरून उतरवू नये.