पाणी नितळ आहे, पण निर्धोक आहे का?

कंधार तालुक्यातील वाड्या-तांड्यांवर उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागतो. पहिल्या पावसात वरची घाण वाहून त्याच विहिरींत उतरते. पाणी निवळले की लोक ते पिऊ लागतात. मग जुलाब-उलट्या सुरू होतात आणि सर्वांत आधी लेकरे कोमेजतात. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते आहेत का, हे सुचवणारी एक स्वस्त बाटली मात्र आहे. या धड्यात तिची ओळख करून घेऊ.

ही पद्धत भारतातलीच आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतील मंजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीत रसायनात भिजवून वाळवलेला कागद असतो. विष्ठेबरोबर येणारे अनेक जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्याचा रसायनातील लोहाशी संयोग झाला की पाणी काळे पडते.

तपासणी अशी करावी :

१. हात साबणाने धुवावेत. झाकणाच्या व बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लावू नये.
२. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण घट्ट लावावे.
३. बाटली उबदार जागी, लेकरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. थंडीत कापडात गुंडाळावी.
४. २४ तासांनी पाहावे. काळी झाली नसेल तर ४८ तासांनी पुन्हा पाहावे.

काळ्या बाटलीत जिवंत जंतू असतात. तिचा वास घेऊ नये. ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतून काही वेळ ठेवावे, मगच टाकावी.

या बाटलीच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. कोणता जंतू आहे, हे ती सांगत नाही. काही बोअरच्या पाण्यात मुळातच गंधकाचे क्षार असल्याने ते विष्ठेशिवायही काळे पडू शकते. म्हणून खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच. पण अहवाल येईपर्यंत थांबू नये. त्याच दिवसापासून पिण्याचे पाणी उकळावे आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना कळवावे. चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर हजार लिटर पाण्याला पुरते. पावडर टाकल्यावर किमान एक तास थांबावे. गढूळ पाण्याला अधिक लागते, म्हणून नंतर क्लोरीन तपासून घ्यावे.

बाटली काळी झाली नाही, तरी ती त्या दिवसापुरतीच ग्वाही देते. पाऊस पडला, पाइप फुटला की पुन्हा तपासावे.

जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्यात तांड्यावरची एक तरी ताई असावी. विहीर कुठे कशी खराब होते, हे तिथे रोज पाणी भरणारीलाच ठाऊक असते.

चर्चेसाठी प्रश्न :

१. आपण मदत करतो त्या वस्तीत पाणी शेवटचे कधी तपासले गेले?
२. बाटली काळी झाली, तर त्याच दिवशी कोण कोणाला कळवील?